सातव्या फुलाची पाकळी

आमच्या कापड गिरणीच्या वसाहतीत बेचाळीस घरं अशी होती, की हिवाळाभर त्यांच्या भिंतीवर एकच चित्र असे. बर्फातसुद्धा फुलणाऱ्या मेईच्या झाडाची वाकडी फांदी, तिच्यावर नऊ फुलं, आणि प्रत्येक फुलाला नऊ पाकळ्या. सगळं नुसत्या शाईच्या रेघांचं, आत कोरं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला की दुपारी मटणाच्या उकडलेल्या करंज्या खायच्या आणि पहिली पाकळी लाल रंगानं भरायची. मग रोज एक. ऊन असेल तर पूर्ण पाकळी, ढग असतील तर वरची अर्धी, बर्फ पडला तर मधे पांढरा ठिपका सोडायचा. एक्याऐंशी दिवसांनी फांदी लालभडक होते, अंगणातल्या नळाचं पाणी गोठायचं थांबतं, आणि बायका कापूस भरलेले कोट उसवून धुवायला काढतात.

ही सगळी चित्रं लुआन मावशी काढत.

लुआन पेईलान हे त्यांचं नाव. बुटक्या, चालायला भरभर, आणि काळजीच्या बाबतीत आमच्या चार इमारतींत पहिल्या नंबरच्या. फाटकापर्यंत जाऊन शेगडी बंद केली का ते बघायला परत यायच्या. बघून पुन्हा फाटकापर्यंत जायच्या, आणि धुराड्याची झडप नीट उघडी ठेवली का ते बघायला पुन्हा यायच्या. त्यांचे यजमान, वेई काका, फाटकापाशी सिगारेट ओढत उभे असायचे. "दोनदा झालं," ते मला सांगायचे, "तिसऱ्यांदा आली की निघू."

सतराव्या वर्षी त्या गिरणीच्या नक्षी विभागात लागल्या. चादरींवरची मोठमोठी फुलं, रुखवतात द्यायच्या रजयांवरची पाखरं, हे सगळं त्यांच्या हातचं. तेवीस वर्षं ते काम केलं. मग गिरणीनं माणसं कमी केली, त्यात त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. तेव्हापासून रंगांना हात लावायचा तो वर्षातून एकदा, या फांदीसाठी. त्याआधी, गिरणीत असताना, काही वर्षं जुन्या चालीरीतींवर सरकारी बंदी होती. तेव्हा त्यांनी मेईऐवजी कापसाचं झाड काढलं, नऊ बोंडं, बोंडाला नऊ पाकळ्या, आणि वर लिहिलं, 'हिवाळी उत्पादनाचा तक्ता'. साहेबांनी तो कचेरीत लावून रोज भरला म्हणे.

बेचाळीस चित्रं हातानं काढायची तर एक युक्ती लागते. मावशी एका जाड तेलकट कागदावर मूळ चित्र काढायच्या आणि रेघेरेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायच्या. तो नमुना कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून शाईची रेघ ओढायची. नमुना दहा-बारा वर्षं टिकतो, मग भोकं मोठी होतात, रेघा पसरतात आणि नवा टोचावा लागतो.

मी ज्या हिवाळ्याचं सांगतेय, त्याआधीच्या शरदात मावशींनी नवा नमुना टोचला. त्याच शरदात वेई काका गेले.

माझं घर त्यांच्या समोरचं. नवरा शाळेत मास्तर, मी घरी. कॉलेजात शिकलेलं सगळं आता कोबी किती दिवस टिकेल आणि कोळशाच्या वड्या कधी संपतील याच्या हिशेबाला लागलेलं. आमच्याकडे पाकळी भरण्यावरून रोज भांडण. त्या दिवशी पाचव्या फुलाची पहिली पाकळी माझ्या वाट्याला आली होती. हवा ढगाळ, म्हणून वरची अर्धी भरली. थंडी अजून किती उरली ते पाहावं म्हणून मी ब्रशच्या टोकानं पुढच्या पाकळ्या मोजत गेले. पाचवं फूल, नऊ. सहावं, नऊ. सातवं फूल फांदीच्या मागून अर्धं डोकावतं. ते मोजलं तर आठ.

पुन्हा मोजलं. आठच.

"आपल्या कागदात एक दिवस कमी आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"बरं झालं," तो वर्तमानपत्रातून म्हणाला, "शनिवार असेल तर तेवढा परत माग."

मी हसत हसतच मावशींकडे गेले. मला वाटलं, माझ्याच कागदावर एक रेघ राहिली असेल, त्या जीभ चावतील, जागच्या जागी काढून देतील. मावशींनी ऐकलं आणि पेटीतून नमुन्याचा कागद काढला. खिडकीच्या काचेला लावून धरला. एकेका भोकातून उजेड आला आणि अख्खी फांदी उजेडाच्या ठिपक्यांनी उभी राहिली. दोघींनी सातवं फूल मोजलं.

आठ.

म्हणजे बेचाळीस घरांत आठ.

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी टोचायची आणि ते मोजायचे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं. दर नव्या नमुन्याला समोर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत मोजायचे. एक झाली, दोन झाल्या... मला वैताग यायचा. म्हणायची, गप्प बसा, मला कळतं." कागद त्यांच्या मांडीवर होता. "यंदा कुणी नव्हतं गं मोजायला."

मी म्हटलं, "मावशी, चूक कुणाच्या हातून होत नाही? घरोघरी सांगू, एक पाकळी काढून देऊ. लोक हसतील आणि विसरतील."

"एकेचाळीस घरं हसतील," त्या म्हणाल्या. "रुईशियाच्या घरी काय होईल?"

तेव्हा माझंही हसू गेलं.

रुईशिया ही तिसऱ्या इमारतीतल्या थांग आजीची सून. नवरा दूर रेल्वेच्या कामावर. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल हातातून गेलं, दुसऱ्या वेळी तर सहा महिने उलटल्यावर. आता तिसरी खेप, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, पलंगावरून उतरायचं नाही. नववं फूल भरायच्या सुमाराला तिचे दिवस भरत होते. थांग आजींनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की फांदी पूर्ण फुलली की आमच्या घरचं फूल येणार. चित्र सुनेच्या पलंगासमोर खळ लावून चिकटवलं होतं. रुईशिया रोज सकाळी आतून विचारायची, "आई, बाहेर हवा कशी आहे?" आणि मग लांब काठीला बांधलेल्या ब्रशनं पडल्या पडल्या पाकळी भरायची.

त्या घरात एके दिवशी, ठरलेल्या दिवशी, सातव्या फुलाला पाकळीच उरणार नव्हती. आणि तोही दिवस नव्या चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचा, कंदिलांच्या सणाचा! आजी काय म्हणतील हे सांगायला नको. आणि ती पोरगी, जी आधीच श्वास रोखून पडली होती, ती काय समजेल?

"दुसरीकडे कुठे बोललो तर आजींच्या कानावर जायला अर्धा तास पुरे," मावशी म्हणाल्या. "आधी तिथली पाकळी झाली पाहिजे. कुणाला न कळता."

"मग तुम्ही जा ना. भेटायला म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दंडावर वेई काकांच्या वर्षभराच्या सुतकाची काळी पट्टी होती. सुतकातली बाई बाळंतपणाला टेकलेल्या सुनेच्या खोलीत? आजींनी उंबऱ्यावरच अडवलं असतं, आणि ते बरोबरच होतं. कागद खाली आणायला सांगावा तर तेही नाही. पोटुशीच्या खोलीत खिळा हलवायचा नाही, भिंतीचं काही सोलायचं नाही, सुई-कात्री आणायची नाही.

"तू जाशील," मावशी म्हणाल्या.

"मला कुठे चित्र काढता येतं!"

"चित्र नको. एक पाकळी."

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. एक पाकळी! देठाकडून बारीक निघायचं, पोटाशी ब्रश जरा दाबायचा, टोकाला उचलत आत वळायचं. एका दमात. मी रद्दीचे कागद काळे करत होते आणि मावशी कोबी चिरता चिरता मान वळवून बघत.

"ही लसणीची कुडी झाली."

"ही?"

"ही सोललेली लसणीची कुडी."

नवरा म्हणाला, "पहिलीतली पोरं याहून बरी काढतात." मी त्याला सांगितलं की रात्रीची भाकरी पहिलीतल्या पोरांकडूनच मागून घे. पण मी पुन्हा नवा कागद ओढायची. माझ्या मनात एकच यायचं, भिंतीवर डाग पडला तर? आणि मावशींना त्याहून जास्त. त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं. हातातलं काम टाकून मधेच उठायच्या आणि गॅलरीतून तिसऱ्या इमारतीकडे बघायच्या, तिथे कुणाची धावपळ तर नाही ना.

नव्या चांद्र वर्षाच्या चार दिवस आधी मी राळ्याची पेज आणि सुकी लाल बोरं घेऊन गेले. बाहीत ब्रश, खिशात जुनी मलमाची डबी, तिच्यात शाईत भिजवलेला कापूस. थांग आजी माझ्या मागोमाग आत आल्या आणि खुर्ची ओढून दारातच बसल्या.

"मास्तरीणबाई, पेज गोड आहे ना? हिला गोडच लागते."

"गोड आहे, आजी. तुम्ही जरा आराम करा, मी बसते हिच्याजवळ."

"आराम? माझा आराम हिच्या पोटात आहे. तो बाहेर आला की झोपेन."

दीड तास बसले. आजी तसूभर हलल्या नाहीत. रुईशिया शांत पडून होती, फिकट, डोळे मोठे झालेले. ती भिंतीकडे बघायची, मग माझ्याकडे. मी तशीच परत आले. मावशी जिन्यातच उभ्या होत्या. माझा चेहरा बघून वर गेल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळी वसाहत एकमेकांकडे जाते. फक्त मावशींचं दार त्या वर्षी बंद, दारावर शुभेच्छांच्या लाल पट्ट्या नाहीत, जाणं नाही, येणं नाही. मी सकाळीच नव्या कोटात, ब्रश आणि शाईची डबी दोन्ही बाहीत लपवून, थांगांकडे गेले. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. सगळ्या इमारतींतले लोक आजींना नमस्कार करायला आले होते, आजी बिया आणि साखरेच्या वड्या वाटत होत्या. "मास्तरीणबाई," त्या गर्दीतूनच ओरडल्या, "तुम्ही आत बसा हिच्यापाशी, कुणाला आत सोडू नका. माणसांच्या वाऱ्यानं बाधतं."

एवढं सोपं! मी आत गेले, पडदा ओढला. सहाव्या फुलाच्या तीन पाकळ्या लाल होत्या. मी रुईशियाला म्हटलं, "जरा तुझं चित्र जवळून बघू का गं? किती छान भरलंयस."

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या बाहीतून शाई गळतेय."

मी खाली पाहिलं. नव्या कोटाची बाही मनगटापाशी काळी झाली होती.

"सातव्या फुलासाठी आलात ना?" ती म्हणाली.

मी भिंतीजवळ गेले. सातव्या फुलाला नऊ पाकळ्या होत्या. आठ शाईच्या आणि एक तपकिरी, पुसट, जरा वाकडी.

"भुवयांच्या पेन्सिलीनं काढली," रुईशिया म्हणाली. "चित्र लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोजलं मी. मला दुसरं काम काय? आई पाणी आणायला गेल्या तेव्हा भिंत धरून उठले. चार पावलं. डॉक्टरीणबाईंनी बंदी केली होती तरी उठले."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? आईंना?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच बारीक. "दीड महिना झाला, वहिनी. रोज रात्री मी तेच घोळवते. मावशींच्या हातचं कधी चुकत नाही म्हणतात. मग माझ्याच घरी का? त्यांना काही दिसलं का? म्हातारी माणसं चेहऱ्यावरून ओळखतात. त्यांनी एक दिवस मुद्दाम सोडला असेल, की इथपर्यंतच..."

"अगं वेडे!" मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. "तुझ्याच घरी नाही. माझ्याकडे आठ. खालच्या न्हाव्याकडे आठ. शाळेच्या शिपायाकडे आठ. बेचाळीस घरांत आठ!"

"सगळीकडे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. नमुन्याची भोकं, काचेवरचा उजेड, समोर बसून मोजणारं माणूस कसं नव्हतं ते. माझ्या लसणीच्या कुड्यासुद्धा. ती ऐकत राहिली. आधी तिच्या ओठाला एक कंप आला, मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. पोट दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, गादी हलेपर्यंत. "न्हाव्याकडेही आठ!" ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मला भीती, की आता हसण्यानंच काही व्हायचं.

पडदा बाजूला झाला. "काय चाललंय?" आजी.

"बाळ लाथा मारतंय, आई," रुईशिया डोळे पुसत म्हणाली. "वहिनींना दाखवतेय."

आजींनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग मारू दे. हसवू नका," असं म्हणून त्या परत गेल्या. बाहेर कुणीतरी नमस्कार करत होतं.

"आता काढा," रुईशिया म्हणाली. "पेन्सिल पुसली जाते. मी रोज बघते, अजून आहे ना म्हणून."

मी डबी उघडली. देठाकडून बारीक निघाले, पोटाशी दाबलं, टोकाला उचलत आत वळले. पाकळी झाली. शेजारच्या आठांपेक्षा चांगलीच जाड, पण पाकळीच.

संध्याकाळी मावशींना सगळं सांगितलं. पाकळी झाली हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. "ती दीड महिना हे मनात घेऊन पडली होती?" एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. "मी इथे गॅलरीत उभी आणि ती तिथे?"

आठवड्यानं मावशींनी शाई आणि ब्रश घेतला आणि गरम पाण्याच्या बॉयलरपाशी जाऊन बसल्या. दिवसातून दोनदा सगळी वसाहत थर्मास भरायला तिथे येतेच. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितलं, माझी चूक झाली, कागद आणा. लोकांनी कागद आणले, कुणाचा कोपरा फाटलेला, कुणाच्या कागदावर तेलाचे डाग.

"मावशी, आमचा एक दिवस चोरून कुठे ठेवला होता?"

"पगार कापतात तसा दिवस कापला का?"

"मला कळलं होतं बरं का," न्हावी म्हणाला. "मला वाटलं बायकोनं पुसला."

मावशी एकेक पाकळी काढत होत्या, आणि प्रत्येक कागदावर आधी मोठ्यानं मोजत होत्या, एक झाली, दोन झाल्या.

थांग आजी थर्मास घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं, कमरेवर हात ठेवले. "आमच्याकडे नऊ आहेत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "मी आत्ताच मोजून आले. बेचाळिसांत एक आमचं घर! आणि ती नववी पाकळी कशी ठसठशीत आहे, कुणीही येऊन बघा." मी नळाकडे तोंड फिरवलं. मावशींच्या हातातला ब्रश थांबला. त्या बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

घरी आल्यावर त्या मला रागावल्या. "आता त्या शुभशकुन समजून बसल्या. उद्या काही कमीजास्त झालं तर?"

पुढचे दिवस आम्ही दोघींनी याच धास्तीत काढले. नळाचं पाणी सकाळी गोठायचं कमी झालं, रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडून वितळू लागला, बॉयलरमागच्या विलोच्या झाडाच्या फांद्यांवर पिवळसर झाक दिसू लागली. दरवर्षी मावशी हे सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. त्या वर्षी त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

नवव्या फुलाची पहिली पाकळी भरायच्या सकाळी रुईशियाला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही कळलं नाही. मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होत्या. मी कोट आणून खांद्यावर टाकला, तो घसरून पडला, त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "वर चला, गार लागेल." त्या म्हणाल्या, "शेगडी बंद आहे का बघून ये." मी बघून आले. बंद होती. थोड्या वेळानं त्यांनी मला पुन्हा पाठवलं.

तीनच्या सुमाराला शाळेचा शिपाई सायकलवरून ओरडत आला. "झाली! दोघी बऱ्या आहेत!"

मावशी पायरीवरून उठल्या, आणि तिथेच परत बसल्या.

चौथ्या दिवशी मावशींच्या दारावर थाप पडली. मीही त्यांच्याकडेच होते. दारात थांग आजी. सुतकाचं घर म्हणून उंबरठा न ओलांडता बाहेरच उभ्या, हातात लाल रुमालाची गाठोडी. आत बाळ झालं की वाटतात ती लाल रंगवलेली अंडी.

"पेईलान," आजी म्हणाल्या, "मी आत येत नाही आणि तू बाहेर येऊ नकोस. हात पुढे कर."

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. आजींनी गाठोडी ठेवली. मावशींनी ती तिथेच सोडली आणि मोजायला लागल्या, बोटानं, ओठ हलवत. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला.

"आठ आहेत," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग किती हवीत?" आजी कडाडल्या. "मुलगी झालीय. मुलगा झाला तर नऊ, मुलीची आठच देतात. एवढंही विसरलीस? की आता अंड्यांनाही पाकळी काढून देणार आहेस?"

मावशी हसल्या नाहीत. त्या अंडी छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आठ. बरोबर आहेत."